पोटासकट

तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलातल्या खायच्या शिंपल्या. आई त्या कानाने निवडायची. पाटीतल्या दोन उचलायची आणि एकमेकींवर ठोकायची. गारगोट्यांसारखा टणक आवाज आला की पातेल्यात, बसका आला की बाजूला. ‘ही मुकी हाय, टाक ती,’ म्हणायची. मुकी म्हणजे मेलेली, आत चिखल भरलेली. अशी एकजरी मुकी पातेल्यात गेली तरी सगळ्या रश्श्यात चिखल उतरतो आणि घरातली सगळी माणसं हात आखडून बसतात. शंभर-दीडशे तिसऱ्या ती बोलता बोलता ठोकून काढायची, मान वर न करता.

तिच्याकडे आणखीही परीक्षा होत्या. तोंड वासलेल्या शिंपलीला नखाने टोचायची. मिटली तर जिवंत. पाटी नाकाजवळ न्यायची. रॉकेलचा किंवा डांबराचा वास आला तर आख्खी पाटी परत खाडीत. पहिला जोरदार पाऊस झाला की पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात तिसऱ्या नसायच्या, कारण नाल्यांची घाण तेव्हाच खाली उतरते. हे तिला कोणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. तिच्या आईने तिला दाखवलं, तिने मला.

या सगळ्या परीक्षांतून जे सहज पार होतं, आणि माझ्या आईच्या ताटात पन्नास-साठ वर्षं येत राहिलं असावं, त्याबद्दल, म्हणजे शिंपल्यांत साठणाऱ्या विषारी धातूंबद्दल, मला लिहायचं आहे.

आमचं घर ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात. समोर ठाण्याची खाडी, पलीकडे वाशी. ओहोटीला पाणी मागे सरलं की चिखलाचा राखाडी पसारा उघडा पडायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी इतकं ओसरायचं की बाया कमरेला ओचा खोचून दूरवर जायच्या आणि काठावरून त्यांच्या फक्त रंगीत लुगड्यांच्या खुणा दिसायच्या. चिखलात चालणं ही वेगळी विद्या आहे. टाच आधी टाकायची नाही. पाऊल आडवं सरकवायचं, आणि तळव्याला काय लागतं ते ऐकायचं. तिसरी गुळगुळीत लागते, कालवाची कड कापते, चिंबोरीचं बीळ पायाखाली भसकन बसतं. निवट्या आमच्या पुढे उड्या मारत पळायच्या. आम्ही पोरं मात्र लांबट, पेचदार शंखांच्या गोगलगायी गोळा करायचो. चिखलावर त्या हजारोंनी पसरलेल्या असत, प्रत्येकीच्या मागे एक बारीक रेघ. आजी सांगायची की, तिच्या लहानपणी पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की घरात खायला काही नसायचं, तेव्हा त्या गोगलगायीही उकडायच्या आणि मांस सुईने ओढून काढायचं. आमच्या वेळेपर्यंत ती वेळ टळली होती. तिसऱ्या-कालवं मात्र राहिली. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, आणि तेव्हा ज्यांच्याकडे बोट नाही, बर्फ नाही, साठवलेला पैसा नाही, त्या बायांचा आधार हाताने वेचता येईल तेवढाच असतो.

पुढे मी शिकले, आणि एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळेत लागले. सव्वीस वर्षं झाली. धातू मोजणं हे माझं रोजचं काम आहे. पाण्यातले, मातीतले, कधी भाजीतले. आपण जे रोज मोजतो आणि आपण जे रविवारी खातो त्यांचा संबंध जोडायला मला फार उशीर लागला. ते का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. बहुधा आईच्या हातचं जेवण आणि प्रयोगशाळेतली काचेची भांडी मनाच्या दोन वेगळ्या खोल्यांत राहत होती.

त्या खोल्यांमधलं दार एका साध्या गोष्टीने उघडलं. घरी बोय मासा साफ करत होते. पोट चिरलं, आतडी काढली, कल्ले काढले, धुतलं. शेजारी तिसऱ्या होत्या, त्या उकडायला ठेवल्या. आणि हात थांबला. माशाचं पोट आपण काढून टाकतो. तिसरी आपण पोटासकट खातो. कालव पोटासकट. गोगलगायही पोटासकट, तिच्या पेचाच्या टोकाला जो काळपट-हिरवा मऊ भाग असतो त्याच्यासह. ज्यांना ती आवडते त्यांना तोच भाग चवदार लागतो. तो काळपट भाग म्हणजे पाचकग्रंथी. आपल्या यकृताचं आणि स्वादुपिंडाचं काम ती एकटी करते. आणि शिंपल्या-गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांच्या अंगात कॅडमियम हा विषारी धातू सर्वांत जास्त कुठे सापडतो असं कोणी विचारलं तर पहिलं उत्तर तेच.

गोगलगायीच्या अंगात धातूचं काय होतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिच्याविषयी आदर वाटला. तिचं रक्त लाल नसतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह आहे, तिच्या रक्तात तांबं. म्हणून हवा लागली की ते निळसर दिसतं. तांबं तिला हवंच असतं. पण तांब्याबरोबर, जस्ताबरोबर, नको असलेलं कॅडमियमही आत येतं, कारण रासायनिकदृष्ट्या ते जस्ताचंच भावंड आहे आणि दारावर ओळखू येत नाही. मग ती काय करते? गंधकाने भरलेलं एक छोटं प्रथिन बनवते, मेटॅलोथायोनिन, आणि त्यात कॅडमियमचे अणू एकेक करून बांधून ठेवते. युरोपातल्या खाण्याच्या गोगलगायीत तर तांब्यासाठी एक आणि कॅडमियमसाठी दुसरं, अशी दोन स्वतंत्र प्रथिनं सापडली आहेत. बाहेर टाकणं जमत नाही, म्हणून बांधून कोपऱ्यात ठेवायचं. तो कोपरा म्हणजे ती पाचकग्रंथी. तिच्यापुरतं विष निकामी झालं. ती मजेत जगते, अंडी घालते, तिच्या चालण्यात काही फरक पडत नाही. ठोकली तर आवाजही टणकच येतो. पण तिला जो खातो त्याच्या जठरातलं आम्ल ते गाठोडं सोडतं.

तिसऱ्या आणि शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटणारे लांबट शिंपले, यांची तऱ्हा निराळी. ते पाणी गाळतात. एक शिणाणा तासाला लिटरभर पाणी सहज गाळतो, दिवसरात्र, आणि त्या पाण्यातल्या बारीक कणांना चिकटलेलं सगळं आत घेतो. गोगलगाय चिखलावरची साय खरवडून खाते. म्हणजे एक पाण्याचा हिशेब ठेवते, दुसरी गाळाचा. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी फार पूर्वी हेरली. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन समुद्र-रसायनशास्त्रज्ञाने सुचवलं की जगभरच्या किनाऱ्यांवर पहारेकरी म्हणून शिंपलेच नेमावेत. पाणी मोजलं तर त्या क्षणाचं कळतं, शिंपला मोजला तर काही महिन्यांचं. अमेरिकेत १९८६ पासून सरकारी पातळीवर तसा कार्यक्रम सुरू झाला. जहाजांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून जो कथिलयुक्त रंग लावायचे, त्याचा धोकाही समुद्री गोगलगायींनी दाखवून दिला. माद्यांच्या अंगावर नराचे अवयव उगवू लागले आणि त्यांची वीण थांबली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हे १९७० मध्ये नोंदलं गेलं. त्या रंगावरची जागतिक बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. गोगलगायीने सांगितलं आणि माणसाने ऐकलं, यात अडतीस वर्षं गेली.

आमच्या खाडीकडे येते. ठाण्याची खाडी लांबुळकी आहे, ठाण्याच्या टोकाला चिंचोळी, मुंबई बंदराकडे रुंद होत जाणारी. वरच्या अंगाला पाणी भरतीबरोबर पुढे येतं, ओहोटीबरोबर मागे जातं, पण धुऊन निघत नाही. आणि चिखल अतिशय बारीक. बारीक मातीला धातू चिकटतात तसे वाळूला चिकटत नाहीत. म्हणून अलिबागकडची वाळूतली शिंपली आणि आमच्या चिखलातली शिंपली यांची कुंडली एक नसते. १९५४-५५ मध्ये माहूल-ट्रॉम्बेच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले. साठच्या दशकापासून पलीकडच्या काठाला ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. त्यात रंग, रसायनं, औषधं, धातूंचे मुलामे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड तर १९२७ पासून खाडीच्या कडेला आहे; बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, सगळं तिथे गेलं आणि पावसाने त्यातून झिरपत राहिलं. शहरातल्या गाड्या २००० सालापर्यंत शिसं घातलेलं पेट्रोल जाळत होत्या. ते शिसं रस्त्यावर बसलं, पावसाने गटारात आणि गटारातून खाडीत. मुंबई बंदराजवळच्या दारूखाना भागात जुनी जहाजं तोडली गेली, त्यांचे रंगांचे थर.  कोणा एकाचं नाव घेऊन मोकळं होण्यासारखं हे नाही. या शहरात जे जे चकाकलं, त्याचं धुणं कुठेतरी गेलंच.

आणि गेलेलं तिथेच आहे. खाडीचा चिखल वरून राखाडी, पण पाऊल रुतलं की खालून काळा निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास गंधकाचा. त्या काळ्या थरात प्राणवायू नसतो आणि गंधक धातूंना घट्ट धरून ठेवतो. एका अर्थी ती खाडीची स्वतःची तिजोरी आहे. पण ती उकरली, म्हणजे गाळ काढला, पुलाचे खांब रोवले, की काळा चिखल हवेला लागतो आणि कुलूप निघतं. म्हणून कारखाने बंद झाले, सांडपाण्याला यंत्रणा बसल्या, तरी खाडी स्वच्छ झाली असं म्हणता येत नाही. २०२२ मध्ये या खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, रोहित पक्ष्यांमुळे. मला त्याचा खरोखर आनंद झाला. रोहित बघायला शिवडीला आणि ऐरोलीला गर्दी होते, दुर्बिणी येतात, त्यांची मोजदाद होते. त्याच चिखलात वाकलेल्या बायांची मोजदाद कुठेही होत नाही.

चार वर्षांपूर्वी मी आमच्याच चिखलातल्या तिसऱ्या प्रयोगशाळेत नेल्या. कोणाचा प्रकल्प नव्हता, पैसा नव्हता. सरांनी यंत्र वापरायची परवानगी दिली एवढंच. पद्धत सांगते, कारण यातच पुष्कळ गोंधळ होतो. आधी तिसऱ्या एक दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातला चिखल बाहेर पडतो. नाहीतर आपण शिंपली मोजायच्या ऐवजी तिने गिळलेली माती मोजतो. मग मांस काढायचं, पण लोखंडी विळीवर नाही, प्लास्टिकच्या सुरीने. वाळवायचं, खलात कुटायचं, नायट्रिक आम्लात विरघळवायचं. उरतो एक फिकट पिवळा द्रव. त्यात आईच्या कालवणाचा कसलाच मागमूस नसतो. तो ज्योतीत फवारायचा आणि त्या ज्योतीतून कॅडमियमच्याच दिव्याचा प्रकाश सोडायचा, २२८.८ नॅनोमीटरचा. जितका प्रकाश गिळला जाईल तितकं कॅडमियम. प्रत्येक वेळी सोबत एक प्रमाणित नमुना चालवायचा, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, म्हणजे यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळतं.

आकडे आले. ते मी इथे देणार नाही. एका ओहोटीच्या तीन पाट्यांवरून खाडीवर शिक्का मारणं हे माझ्या कामाच्या शिस्तीत बसत नाही. ऋतू बदलला की शिंपलीचं वजन बदलतं, वीण झाली की मांस कमी होतं, आणि धातू तेवढाच राहून आकडा चढतो. निदान वर्षभर, दर महिन्याला, चार-पाच जागांवरून नमुने घेतल्याशिवाय बोलू नये.

पण आकड्यांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिंपलीच्या मांसात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. शोधनिबंधांत बरेचदा वाळलेल्या मांसातलं प्रमाण दिलेलं असतं, आणि खाण्याच्या मर्यादा ओल्या मांसासाठी असतात. वाळलेल्याचा आकडा ओल्याच्या साधारण पाचपट दिसतो. कोणीतरी तो उचलतं, मर्यादेशेजारी ठेवतं आणि ‘पाचपट विष’ असा मथळा येतो. त्या मथळ्याने आमच्या आळीतल्या बाईचे त्या आठवड्याचे वाटे तसेच पडून राहतात. दुसरी चूक म्हणजे जस्त आणि तांबं यांनाही त्याच यादीत घालून घाबरवणं. कालवात जस्त भरपूर असणारच, ते कालवाचं अंगभूत आहे. खरी चिंता कॅडमियम, शिसं आणि पारा यांची.

ही चिंता किती, ते मी स्वतःपुरतं कागदावर मांडून पाहिलं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला १,२५० मायक्रोग्रॅम. समुद्री शिंपल्यांसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा आहे दर किलो मांसात २ मिलिग्रॅम, युरोपात १. म्हणजे शिंपली कायद्याने अगदी कडेवर, २ मिलिग्रॅमची असेल, तर महिन्याला सव्वासहाशे ग्रॅम मांसात त्या बाईचा कोटा संपला. शहरात राहणारी, दोन महिन्यांतून एकदा हॉटेलात तिसऱ्या सुके मागवणारी बाई तिथवर कधी पोचणार नाही. वेचणारी पोचते. विकून उरलेलं, लहान, फुटकं, तिच्याच घरात शिजतं, आठवड्यातून तीनदा. आणि तिचं पंधरा किलोचं पोर? त्याचा महिन्याचा कोटा ३७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे पावणेदोनशे-एकशेनव्वद ग्रॅम मांस. वर भात आहे, भाजी आहे, त्यांतूनही थोडं थोडं येतंच.

शिशाचं तर आणखी वाईट. त्याच समितीने २०१० मध्ये शिशाची जुनी मर्यादा मागेच घेतली, कारण मुलांच्या मेंदूला धक्का न लावणारं असं कुठलंही प्रमाण त्यांना दाखवता येईना. शिसं शरीरात कॅल्शियमचा वेश घेऊन हाडांत जाऊन बसतं. पुढे गर्भारपणात, अंगावर पाजताना, हाडं कॅल्शियम सोडतात तेव्हा तेही बाहेर येतं. बाईने मुलगी असताना खाल्लेलं तिच्या बाळापर्यंत पोचतं.

आता आई. माझ्या आठवणीत आई कायम दमलेली आहे. पापणीच्या आत पांढरट, नखं फिकी. सरकारी डॉक्टर दर वेळी ‘रक्त कमी आहे’ म्हणून लाल गोळ्या द्यायचे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त आजही कमीच आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्या सांगायच्या, ‘तिसऱ्या खा, रक्त येतंय.’ त्या बरोबर होत्या. शिंपल्यांत लोह आहे, बी-१२ आहे. पण शरीरात लोह कमी पडलं की आतडं लोह आत घेणारी दारं जास्त उघडतं, आणि त्याच दारांतून कॅडमियमही आत येतं. ज्या बाईला तिसरीची गरज सर्वांत जास्त, तिच्याच अंगात तिसरीतलं कॅडमियम जास्त मुरतं. हे वाक्य मी पहिल्यांदा मनात जुळवलं तेव्हा लोकलमध्ये होते, कुर्ला आणि गोवंडीच्या मध्ये, आणि मला उतरायचं स्टेशन चुकलं.

त्यात आई मशेरी लावायची. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं. मशेरी म्हणजे तीच पानं, भाजून. सकाळी मशेरी, दुपारी तिसऱ्या, अंगात रक्त नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निम्मं निघून जायला दहा ते तीस वर्षं घेतं. आईची मूत्रपिंडं सत्तरीत हळूहळू थकली. तिला मधुमेहही होता, रक्तदाबही. तिसऱ्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये. पण तिच्या फायलीत साखर लिहिली आहे, दाब लिहिला आहे, आणि खाडीविषयी तिला कोणी एक प्रश्नही विचारलेला नाही. तिच्या आजाराच्या कागदांत तिचं आयुष्यभराचं अन्न नाहीच.

जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठी खाणीचं कॅडमियम भातात उतरलं. तिथल्या बायांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडायची. त्या ‘इताई, इताई’ म्हणून कण्हायच्या, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, आणि तेच रोगाचं नाव पडलं. पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, वय झालेल्या बाया त्यांत जास्त होत्या. सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून १९६८ मध्ये मान्य केला. मिनामाताची गोष्ट त्याच देशातली. तिथे कारखान्याचा पारा खाडीत, खाडीतून मासे-शिंपल्यांत. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली. मग १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचित्र आजाराची नोंद कळवली. १९५९ मध्ये त्याच डॉक्टरांनी मांजराला कारखान्याचं सांडपाणी घातलेलं अन्न दिलं आणि त्याला तोच आजार झाला. ते दाबून ठेवलं गेलं. पारा खाडीत जायचा थांबला १९६८ मध्ये. मिनामाता वाचताना मला दरवेळी आमचीच आळी दिसते, कारण पहिले आजारी पडले ते कोळी. आणि आजारी असल्याचं सांगायलाही तेच कचरत होते. सांगितलं तर मासे कोण घेणार, पोरीशी लग्न कोण करणार?

आफ्रिकेत, नायजर नदी जिथे समुद्राला मिळते त्या दलदलीत, चिखलातल्या लांबट गोगलगायी बाया आजही वेचतात आणि भाजीच्या रश्श्यात घालतात. आमच्या चिखलातल्या गोगलगायींच्याच कुळातल्या त्या. तिथे चिखलात तेल सांडलं आहे. त्यांच्यातले धातू तिथले संशोधक मोजत असतात. त्या बायांचे फोटो पाहिले तर ओचा खोचायची पद्धत सोडली तर सगळं ओळखीचं आहे. पाटी तशीच डोक्यावर, पाय तसेच आडवे.

मी घरी काय बदललं ते सांगते, कारण मला हे विचारलं जातं. तिसऱ्या घेताना कुठच्या आहेत ते विचारते. खाडीच्या आतल्या चिखलातल्या असतील तर महिन्यातून एकदा, थोड्या. घरात लहान मूल किंवा गर्भार बाई असेल तर त्यांच्या ताटात त्या नाहीत. त्यांना मांदेली, बोंबील, जवळा, लहान मासे. चिंबोरीच्या कवचातला तपकिरी गर, जो आम्ही भावंडं भांडून खायचो, तो आता काढून टाकते, कारण कॅडमियम मांसापेक्षा तिथेच जास्त असतं. पाण्यात ठेवल्याने चिखल जातो, उकडल्याने जंतू मरतात. धातू कशानेही जात नाही. मीठ-हळद-चिंच-कोकम काही उपयोगाचं नाही. उकडून मांस आटतं, तेव्हा प्रत्येक घासात तो थोडा जास्तच येतो. आणि रक्त तपासा, लोह भरून काढा. हे सगळ्यात स्वस्त आणि हमखास कामाचं.

पण हा सल्ला लिहिताना मला लाज वाटते, कारण तो घेणाऱ्यासाठी आहे, वेचणारीसाठी नाही. ती काय करणार? खाडी तिने घाण केली नाही. तिला ‘खाऊ नको’ म्हणायचं, तर त्या दिवशी तिने काय खायचं ते कोणी सांगायचं? युरोपात शिंपले वेचायच्या जागांची वर्गवारी होते, नियमित तपासणी होते, आणि प्रमाण वाढलं तर ती जागा बंद केल्याचं जाहीर होतं. आपल्याकडे निर्यातीच्या मालाची तपासणी कडक आहे. शिवडीच्या, माहूलच्या, वाशीच्या चिखलातून थेट टोपलीत जाणाऱ्या मालाची कोणती वही आहे? दर महिन्याला, दर खाडीवर, तीन-चार जातींचे नमुने. कोळीवाड्याच्या चौकात फळ्यावर मराठीत तीन ओळी: कुठली शिंपली, कुठून, किती खाल्लेली चालेल. यंत्रं या शहरात आहेत, शिकलेली पोरं आहेत. एका नमुन्याला लागतं ते दोन दिवस आणि थोडं आम्ल. आणि जिथे आकडा जास्त येईल तिथे वेचणारीला भरपाई, कारण तिची जागा दुसऱ्यांनी नासवली आहे. मला हे मागणं अवास्तव वाटत नाही.

आई गेल्यावर आळीत माझं जाणं कमी झालं. धाकटी मावशी अजून वेचते. वय अडुसष्ट, गुडघे गेलेत, तरी उधाणाला उतरते. तिला मी दोन वर्षांपूर्वी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती, हाताने वाटे लावत होती. मग म्हणाली, ‘बाय, तू लिवशील, लोकं वाचतील, आनि माझा वाटा कोन घेनार?’ मी गप्प बसले. त्या दिवशी तिने मला नेहमीसारखी पिशवी भरून दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

गेल्या महिन्यात तिच्या नातीला दिवस गेले. परवा संध्याकाळी मावशी माझ्या दारात उभी. लिफ्ट बंद होती, चार जिने चढून आली होती. धाप लागलेली. पाणी घेतलं नाही, आधी पिशवी पुढे केली. आत तीन वेगळ्या पुड्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल दोऱ्याच्या कुठच्या, हिरव्याच्या कुठच्या, पांढऱ्याच्या कुठच्या, ते तिने मला कानात सांगितलं, घरात आम्ही दोघीच असतानाही. चौथ्या लहान पुडीत चिखलातल्या त्या लांबट गोगलगायी होत्या. ‘या पन बग,’ म्हणाली. ‘तुझी आजी खायाची.’

मग म्हणाली, ‘तपास. पन खाडीचं नाव लिवू नको अजून.’

तिसऱ्या रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवल्या. सकाळी मांस काढून फ्रीझरमध्ये चार डब्यांत भरलं. डब्यांवर क्रमांक आणि तारीख. जागांची नावं एका कागदावर लिहून ती घडी माझ्या पाकिटात ठेवली आहे. यंत्र गुरुवारी दुपारी दोन ते पाच मोकळं आहे. मावशीने दोनदा फोन करून वार विचारून घेतला.